कट, कॉपी, काका!

परवा रविवारी रात्री सव्वाअकरा वाजता मला एक मेल आला. तुम्ही टाकलेल्या व्हिडिओत दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचा भाग सापडला आहे, सबब तो आता कुणालाही दिसणार नाही. 'सबब' हा शब्द माझा, बाकी मतलब त्यांचा. व्हिडिओ टाकून जेमतेम चार मिनिटं झाली होती. एवढ्या वेळात कुणी माणूस तो बघून, विचार करून, निकाल देऊन मोकळा होईल हे शक्यच नाही. म्हणजे हे काम मशीनचं. आणि मशीनशी भांडता येत नाही, हे एटीएममध्ये अडकलेलं कार्ड परत मागणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

खरं तर तो व्हिडिओ माझा नव्हताच. आमच्या वाचनालयाचा होता.

थोडा फ्लॅशबॅक. मध्य रेल्वेवरच्या आमच्या उपनगरात, स्टेशनपासून सात मिनिटांवर, एका वडापाववाल्याच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर हे सार्वजनिक वाचनालय आहे. लहानपणी दर शनिवारी बाबांचं बोट धरून मी तिथे जायचे. फास्टर फेणेपासून सुरू झालेली माझी गाडी पुढे कुठे कुठे गेली, पण कार्ड तेच राहिलं. तिथले ग्रंथपाल काकाही तेच. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन उशिरा पुस्तक आणणाऱ्यांसाठी.

तर हे वाचनालय सध्या ऑक्सिजनवर आहे. दिवाळी अंकांच्या योजनेला पूर्वी जिन्यापर्यंत रांग लागायची, आता काका फोन करकरून आठवण करतात. सभासद कमी म्हणून वर्गणी कमी, वर्गणी कमी म्हणून नवी पुस्तकं कमी, नवी पुस्तकं नाहीत म्हणून सभासद आणखी कमी. गेल्या बैठकीत कार्यकारिणीने सांगून टाकलं की गुढीपाडव्यापर्यंत सभासद वाढले नाहीत, तर संध्याकाळची पाळी बंद. आता तुम्हीच सांगा, सकाळी आठ बावन्नची लोकल पकडणाऱ्या माणसाला वाचनालयाची फक्त सकाळची पाळी काय कामाची?

"अगं, तू त्या मीडियात आहेस ना?" काका म्हणाले. "आमची एक जाहिरात करून दे. मोबाइलवर फिरेल अशी. पैसे नाहीत हं आमच्याकडे. चहा आहे."

मी हो म्हटलं. चहाबरोबर खालचा वडापाव आला हे मान्य करते.

आयडिया मला जिन्यातच सुचली. पिक्चर बघितलात, पुस्तक वाचलंत का? बस्स, एवढंच! मराठीत पुस्तकांवरून आलेल्या सिनेमांना काय तोटा आहे? आनंद यादवांचा 'नटरंग', मिलिंद बोकीलांची 'शाळा', सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी', गो. नी. दांडेकरांचं 'जैत रे जैत', व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', अरुण साधूंचं 'सिंहासन'. प्रत्येक सिनेमाची सात-आठ सेकंदांची क्लिप, मग कट, आणि वाचनालयाच्या शेल्फवरून तेच पुस्तक बाहेर काढणारा काकांचा हात. खाली एका हिट गाण्याचा ठेका. नव्वद सेकंद. दोन रात्री जागून एडिट केलं आणि खरं सांगते, झक्कास झालं होतं! काकांनी तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसला.

आणि अपलोड केल्यावर चार मिनिटांत खेळ खल्लास.

तुम्हाला वाटेल, आधी काही काळजी घेतली नव्हतीस का? घेतली होती ना! व्हिडिओखाली एक भारदस्त इंग्लिश परिच्छेद चिकटवला होता. तुम्हीही पाहिला असेल, हजारो व्हिडिओंखाली असतो. १९७६ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १०७, टीका, भाष्य, बातमी, शिक्षण यांसाठी 'फेअर यूज'ला मुभा, वगैरे वगैरे. सगळेच लावतात म्हणून मीही लावला. ट्रकच्या मागे लिंबू-मिरची बांधतात तसा.

आता यातली गंमत ऐका. १९७६ चा तो कायदा अमेरिकेचा आहे. मध्य रेल्वेवरचं वाचनालय, मराठी सिनेमे, मुंबईत बसलेली मी, आणि आमच्या बचावाला वॉशिंग्टनचं कलम! हे माझ्या कॉलेजातल्या वकील मैत्रिणीने मला सांगितलं, आणि सांगताना ती इतकी हसली की कॉफी शॉपमधल्या शेजारच्या टेबलाने वळून पाहिलं.

पण त्या कलमामुळे अमेरिकेतल्या वाचनालयांची गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर मला चक्क हेवा वाटला. तिकडे 'फेअर यूज' म्हणजे ठरावीक कामांची बंद यादी नाही. न्यायालय चार गोष्टी तोलून बघतं. वापर कशासाठी केला, मूळ कलाकृती कोणत्या प्रकारची आहे, त्यातलं किती घेतलं, आणि त्यामुळे मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम झाला. चारही एकत्र, सेकंदांची कुठलीही मर्यादा न घालता. २०१२ च्या जानेवारीत तिथल्या विद्यापीठांच्या आणि संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने या फेअर यूजची एक आचारसंहिताच प्रसिद्ध केली. त्यातलं एक तत्त्व थेट आमच्या काकांच्या कामाचं आहे. ग्रंथालयाने आपल्या उपक्रमांच्या प्रसिद्धीसाठी आपल्या संग्रहातल्या साहित्याचे निवडक भाग वापरणं योग्य ठरू शकतं, असं ते सांगतं. अर्थात अटी आहेत. श्रेय द्यायचं, आणि हेतूला साजेल एवढंच घ्यायचं. ही संहिता म्हणजे काही कायदा नव्हे, न्यायाधीश तिला बांधील नाहीत. पण 'आम्ही लोक असं वागतो आणि हे आम्हाला रास्त वाटतं' असं ग्रंथपालांनी एकत्र येऊन छापून ठेवलं. आमचे काका एकटे पडतात तसे ते पडत नाहीत.

अजून एक किस्सा. अमेरिकेत डीव्हीडीचं डिजिटल कुलूप तोडणं हा वेगळा गुन्हा आहे, आतली क्लिप कितीही योग्य कारणासाठी हवी असली तरी. मात्र दर तीन वर्षांनी त्यातून काही सवलती दिल्या जातात. २०१० मध्ये टीका किंवा भाष्य करणाऱ्या बिनव्यापारी व्हिडिओंसाठी सिनेमाचे छोटे तुकडे काढायला अशीच सवलत मिळाली. आणि ही सवलत देण्याचा अधिकार कायद्याने कुणाला दिलाय माहितेय? लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालांना! हे सांगितल्यावर काका खुर्चीत जरा ताठ बसले.

मात्र तिकडेही सगळं आलबेल नाही. २००७ मध्ये एका आईने स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या बाळाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला. मागे प्रिन्सचं गाणं वाजत होतं. म्युझिक कंपनीने तो काढायला लावला. बाई कोर्टात गेल्या. नोटीस पाठवण्याआधी हा फेअर यूज आहे का याचा विचार कंपनीने करायला हवा, असं अपील न्यायालयाने म्हणेपर्यंत २०१५ उजाडलं. बाळ तोवर शाळेत जायला लागलं होतं.

आता आपल्याकडे या.

आपला कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ५२. आपल्याकडे शब्दही वेगळा आहे, 'फेअर यूज' नाही तर 'फेअर डीलिंग'. फरक फक्त शब्दाचा असता तर मी इतकं लिहिलं नसतं. आपल्याकडे मोजून तीन दारं आहेत. एक, खासगी वापर आणि संशोधन. दोन, टीका किंवा समीक्षा. तीन, चालू घडामोडींचं वार्तांकन. आणि हे सगळं सिनेमाला लागू व्हायलाही २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. त्याआधी पहिली दोन दारं साहित्य, नाटक, संगीत, चित्रकला यांच्यापुरतीच होती.

"तुझी जाहिरात यातल्या कुठल्या दारातून आत जाते?" मैत्रिणीने विचारलं.

मी विचार केला. खासगी? जगभर दाखवायला टाकलेला व्हिडिओ कसला खासगी! बातमी? काकांचा हात शेल्फवर जातोय ही बातमी नाही. समीक्षा?

"समीक्षा... म्हणजे थोडीशी?"

"अगं, तू त्या सिनेमाबद्दल एक अक्षर तरी बोललीस का? क्लिप छान दिसते म्हणून घेतलीस. गाणं छान वाजतं म्हणून घेतलंस. तेल-साबणवालेही याच कारणासाठी गाणी घेतात. फक्त ते पैसे देतात."

डोक्याला शॉट!

बरं, कायद्याला वाचनालयं माहीत नाहीत असंही नाही. विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रती काढायला बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला परवानगी आहे. जवळ छापील प्रत असेल तर ती जतन करण्यासाठी स्कॅन करून ठेवायलाही २०१२ पासून परवानगी आहे. शिक्षणासाठी तर वेगळं पोटकलमच आहे. त्याच्याच जोरावर २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या फोटोकॉपीच्या दुकानाने ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा बड्या प्रकाशकांविरुद्धची केस जिंकली. म्हणजे वाचनालयाने पुस्तक जपावं, कायदा पाठीशी आहे. पण ते पुस्तक वाचायला या हो, असं रस्त्यावर उभं राहून ओरडावं आणि त्यासाठी सिनेमाचा भोंगा वापरावा... त्याची सोय कुणाच्या डोक्यातच आली नाही.

"पण सातच सेकंद होती गं!" हा माझा शेवटचा बाण.

तुम्हालाही वाटत असेल ना, दहा सेकंदांपर्यंत चालतं म्हणून? ऑफिसात कुणाच्या फेअरवेलचा व्हिडिओ करताना हा नियम हमखास कुणीतरी सांगतं. कुणी दहा सांगतं, कुणी तीस. मंडळी, असा नियम कुठेच लिहिलेला नाही, ना त्यांच्या कायद्यात, ना आपल्या. सेकंदांची किंमत काय असू शकते ते २०२४ च्या नोव्हेंबरात सगळ्या देशाने पाहिलं. नयनताराच्या डॉक्युमेंटरीच्या ट्रेलरमध्ये धनुषने निर्माण केलेल्या सिनेमाच्या सेटवरची तीन सेकंदांची क्लिप होती. त्यावरून दहा कोटींची नोटीस आली. तिने खुलं पत्र लिहिलं, आणि आपण सगळे पॉपकॉर्न घेऊन बसलो. दहा कोटींत आमच्या वाचनालयाची संध्याकाळची पाळी माझ्या पणतवंडांपर्यंत चालेल.

उलट बाजूही आहे. दिल्ली उच्च न्यायालयात २०१२ मध्ये एका न्यूज चॅनेलच्या आणि यशराज फिल्म्सच्या वादाचा निकाल लागला. त्या चॅनेलने एका गायिकेची मुलाखत घेतली होती. तिने तिचीच गाजलेली गाणी थोडी थोडी गुणगुणली, मागे त्यांची दृश्यं चालू होती. शिवाय ग्राहकजागृतीच्या एका जाहिरातीत 'बंटी और बबली'तल्या गाण्याची एक ओळ होती. खंडपीठ म्हणालं, हे इतकं किरकोळ आहे की कायद्याने त्याची दखल घेऊ नये. नुकसान किती, हेतू काय, हे त्यांनी पाहिलं. मला हा निकाल ऐकून एकदम हुरूप आला. हेतू? आमच्याइतका साधा हेतू कुणाचा असणार!

"पण त्यासाठी त्यांना उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत जावं लागलं," मैत्रीण म्हणाली. "तुझे काका जातील?"

शिवाय एक गोष्ट तिने मुद्दाम हळू आवाजात सांगितली. कॉपीराइटचा भंग हा आपल्याकडे फौजदारी गुन्हासुद्धा आहे. कलम ६३. सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी, कमाईसाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. एका वाचनालयाच्या नव्वद सेकंदांसाठी कुणी पोलिसात जाईल असं तिलाही वाटत नव्हतं. तरी माझ्या डोळ्यांसमोर दोन पेनं खिशाला लावून पोलिस स्टेशनच्या बाकावर बसलेले काका आले, आणि कॉफी थंड झाली.

त्या मेलमध्ये खाली एक बटण होतं. तुम्हाला हा दावा मान्य नसेल तर इथे हरकत नोंदवा. दोन दिवस माझं बोट त्या बटणावर घुटमळत होतं. हे मशीन काय करतं तर कंपन्यांनी देऊन ठेवलेल्या सिनेमा-गाण्यांच्या ठशांशी तुमचा व्हिडिओ जुळवून बघतं. जुळलं की मालकाने आधीच सांगून ठेवलेलं करतं. बंद करायचं, किंवा राहू देऊन जाहिरातीचे पैसे मालकाकडे वळवायचे, किंवा नुसती नोंद ठेवायची. वापर रास्त आहे का, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो. आपले नियम त्या मानाने बरे आहेत. २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार मालकाने लेखी तक्रार केली तर साइटने ३६ तासांत तो भाग बंद करायचा, आणि मालकाने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर साइट तो पुन्हा चालू करू शकते. पण मशीन तक्रारीची वाट बघतच नाही. त्याचा धंदा चार मिनिटांचा.

मी बटण दाबलं नाही. भीती हे एक कारण, पण दुसरंही आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा कॉलम प्रामाणिक होणार नाही. गेल्या वर्षी माझा एक लेख एका पोर्टलने जसाच्या तसा उचलला होता. मी फोन केला तर तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, नाव दिलंय ना तुमचं! तेवढीच प्रसिद्धी." त्या दिवशी मी जे काही बोलले ते इथे छापता येणार नाही. माझं घरभाडं प्रसिद्धीने भरत नाही. मग ज्या गाण्याच्या ठेक्यावर मी नव्वद सेकंद मजा केली, त्याचा संगीतकार, वादक, गीतकार? तेही बिचारे बहुतेक माझ्यासारखेच, कामाला काम जोडत जगणारे. 'वाचनालयासाठी आहे हो' हे वाक्य त्या मुलाच्या 'प्रसिद्धी'पेक्षा फार वेगळं नव्हतं.

गाण्याच्या बाबतीत माझी बाजू लंगडी होती, हे मी मान्य केलं. क्लिपच्या बाबतीत अजूनही भांडायची तयारी आहे. कादंबरीवरून झालेला सिनेमा दाखवून माणसाला कादंबरीकडे पाठवलं, तर सिनेमावाल्याचं एक तिकीट तरी बुडतं का? उलट चार लोक घरी जाऊन तो सिनेमा शोधतील. कायद्याच्या त्या तीन दारांशेजारी सार्वजनिक ग्रंथालयासाठी एक छोटी खिडकी ठेवायला काय हरकत आहे? ब्रिटनचा कायदा आपल्यासारखाच बंद यादीचा, पण २०१४ मध्ये त्यांनीही त्यात विडंबनाला जागा केली. सरकायचं म्हटलं की यादी सरकते.

असो. पाडवा काही यादी सरकायची वाट बघणार नव्हता.

"जुने पिक्चर फुकट असतात ना गं?" काकांनी विचारलं. "आपला 'श्यामची आई' घे. आचार्य अत्र्यांचा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णकमळ!"

मला वाटलं, सुटलो! मैत्रिणीला फोन लावला. आपल्याकडे सिनेमावरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं, तीही पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. 'श्यामची आई' १९५३ चा. म्हणजे २०१३ संपलं आणि सिनेमा मोकळा. साने गुरुजी गेले १९५० मध्ये, लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे पुस्तक २०११ पासून सगळ्यांचं. मी आनंदाने ओरडणार एवढ्यात ती म्हणाली, थांब. पटकथा कुणाची? अत्र्यांची. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावर २०२९ संपेपर्यंत हक्क आहे. संगीत वसंत देसाईंचं. ते गेले १९७५ मध्ये. म्हणजे २०३५. हे हक्क आज कुणाच्या का हातात असेनात, मुदत संपलेली नाही.

म्हणजे बघा, डबा मोकळा, पण आतल्या एकेका वाटीवर वेगळी तारीख. पुस्तक सुटलं, चित्र सुटलं, शब्द आणि सूर अजून अडकलेले. काकांना हे समजावून सांगितलं तर त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चक्क लाल पेनाने तक्ता केला. उशिरा येणाऱ्या पुस्तकांचा करतात तसाच.

त्या तक्त्यातून दोन व्हिडिओ निघाले.

पहिल्यात आम्ही 'सिंहासन' ठेवला. पण आता काका कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. जब्बार पटेलांनी अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांमधून एक सिनेमा केला. दोन जाडजूड पुस्तकं एका पिक्चरमध्ये कोंबताना काय आलं, काय गळलं, दिगू टिपणीस पानांवर कसा भेटतो आणि निळू फुल्यांच्या चेहऱ्यावर कसा, यावर काका पाच मिनिटं असे काही बोलले की मी रेकॉर्डिंग थांबवायचं विसरले. चाळीस वर्षं पुस्तकं देणाऱ्या माणसाला पुस्तकांबद्दल बोलायला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मधे फक्त एकदा सहा सेकंद निळू फुल्यांचा चेहरा. गाणं नाही, पार्श्वसंगीत नाही. मैत्रिणीने बघितलं आणि म्हणाली, "आता क्लिप काढली तर त्यांचं वाक्य अर्धं राहतं. आधी तुझी क्लिप काढली असती तर फक्त दिखावा गेला असता. आता निदान समीक्षा म्हणून उभं राहता येईल."

निदान! वकील कधी 'नक्की' म्हणत नाहीत.

तरी काकांनी तो अपलोड करू दिला नाही. "आधी विचारू या की," म्हणाले. वाचनालयाच्या लेटरहेडवर, स्वच्छ अक्षरात, सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत असं कळलं त्यांना पत्र गेलंय. 'आपल्या चित्रपटातील सहा सेकंदांचे दृश्य' असं लिहून पुढे कंसात कुठून कुठपर्यंत ते वेळेसकट. रजिस्टर्ड पोस्टाने. मी मेल करते म्हटलं तर म्हणाले, "मेलने तुला काय मिळालं ते पाहिलं ना?"

दुसरा व्हिडिओ मात्र गेला. त्याची कल्पनाही काकांचीच. "सगळ्यांची मुदत संपलीय असा पिक्चर कुठला?" असं म्हणत ते थेट दादासाहेब फाळक्यांपर्यंत मागे गेले. 'कालिया मर्दन', १९१९. फाळके गेले १९४४ मध्ये, म्हणजे त्यांच्यासाठी २००५ लाच दरवाजे उघडले. मूकपट, म्हणून संवादांचा आणि गाण्यांचा प्रश्नच नाही. फक्त एक सापळा होता. अशा जुन्या मूकपटांच्या ज्या प्रती फिरतात, त्यांवर कुणी ना कुणी नवं संगीत चढवलेलं असतं आणि ते संगीत आजचं असतं. म्हणून आवाज पूर्ण बंद.

बाळकृष्ण झालीय फाळक्यांची स्वतःची मुलगी, मंदाकिनी. सिनेमाच्या सुरुवातीला ती सात वर्षांची पोर कॅमेऱ्याकडे बघून एकामागून एक हावभाव करून दाखवते. आणि पुढे ती कालियाच्या फण्यावर. आमच्या व्हिडिओत तिचे हावभाव, मग फण्यांचा विळखा, मग पाटी. 'मोबाइलचा विळखा सोडवायचाय? संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, पहिला मजला, वडापावच्या वर.' शेवटी काकांचा हात आणि पुस्तक. आवाज फक्त एकच, तारखेचा शिक्का पुस्तकावर उमटतो तो.

टाकल्यावर मी चार मिनिटं श्वास रोखून बसले. मग चाळीस. मेल आला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी गेले तर काका एका मुलाचा अर्ज भरून घेत होते. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, पाठीला लॅपटॉपची सॅक, वय माझ्याएवढंच. या महिन्यातला अकरावा, असं काकांनी मला डोळ्यांनीच खुणावून बोटांवर दाखवलं. पाडव्याला अजून पाच आठवडे आहेत. मुलाने अनामत भरली, पावती घडी करून पाकिटात ठेवली आणि विचारलं, "काका, तो व्हिडिओतला पिक्चर आहे का हो तुमच्याकडे?"

"पिक्चर नाही," काका म्हणाले आणि निळं पेन बंद केलं. "फाळक्यांचं चरित्र आहे. तिसरं कपाट, वरून दुसरा खण. चौदा दिवसांत आणून द्यायचं."